सूक्ष्मजीवजन्य पॉलिएस्टरचे रासायनिक रूपांतर आणि वैद्यकीय उपयोग : एक चिकित्सा

प्रास्ताविक
कर्ब मुबलक आणि नत्र अपुरे असताना अनेक जिवाणू आपल्या पेशीत पॉलिएस्टरचे कण साठवतात. फ्रेंच संशोधक मॉरिस लेमोन्य यांनी १९२६ मध्ये असे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट (पीएचबी) प्रथम ओळखले. साखर व मळी हे या जिवाणूंचे खाद्य असल्याने, साखर कारखान्यांच्या कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांना हा विषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. या विषयावरील लेखनात एक युक्तिवाद वारंवार आढळतो : पीएचबी जैवविघटनशील आहे, त्याच्या विघटनातून निघणारे ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल मानवी रक्तात मुळातच असते, म्हणून त्याचे रूपांतरित प्रकारही शरीरास निर्धोक होत. हा युक्तिवाद तपासून पाहणे आवश्यक आहे.

विवेचन
पीएचबीमध्ये रासायनिक बदल करावा लागतो, यास सबळ कारण आहे. ते अतिस्फटिकी व ठिसूळ असून सुमारे ५ टक्के ताणातच तुटते. शिवाय ते सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याहून थोड्याच अधिक तापमानाला त्याचे विघटन सुरू होते. म्हणून त्यास पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडणे, किंवा स्यूडोमोनास जिवाणूंना असंपृक्त मेदाम्ले पुरवून मिळालेल्या पॉलिएस्टरच्या द्विबंधांवर इपॉक्साइड अथवा कार्बॉक्सिल गट आणणे, असे मार्ग अवलंबिले जातात. त्यामुळे जलस्नेह वाढतो आणि औषधाचे रेणू जोडण्यास जागा मिळते.

तथापि येथेच मूळ युक्तिवाद ढासळतो. रेणू बदलला की त्याच्या विघटनाची उत्पादितेही बदलतात. मूळ पॉलिएस्टरची निर्धोकता रूपांतरित पॉलिएस्टरला वारसाहक्काने मिळत नाही, ती नव्याने सिद्ध करावी लागते. दुसरे असे की, मातीतील सूक्ष्मजीव विशिष्ट विकरे स्रवून पीएचबीचे विघटन करतात. मानवी शरीरात ती विकरे नसल्याने तेथे विघटन अतिशय मंद होते. मातीत कुजणे आणि शरीरात शोषले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा शुद्धतेचा. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलातील एंडोटॉक्सिन पॉलिएस्टरसोबत येते व त्याने ताप येतो. अमेरिकेत सर्वसाधारण वैद्यकीय साधनासाठी त्याची मर्यादा २० एकके इतकी आहे. क्लोरोफॉर्मसारखा द्रावक व उत्प्रेरक यांचे अवशेषही मोजावे लागतात. अवरक्त वर्णपट व औष्णिक विश्लेषण यांवरून रेणूची रचना व उष्णतेतील वर्तन कळते, शरीराची प्रतिक्रिया मात्र कळत नाही. मळीच्या स्वस्ताईचा युक्तिवादही येथे तोकडा पडतो. मळीतील रंगद्रव्ये व क्षार यांमुळे शुद्धीकरणाचा भार वाढतो, आणि वैद्यकीय पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालापेक्षा शुद्धीकरण व चाचण्यांचाच वाटा मोठा असतो.

या संदर्भात एक उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेटच्या शोषणक्षम टाक्याच्या धाग्यास परवानगी दिली. त्याची लवचिकता रासायनिक रूपांतरातून आलेली नव्हती. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूकडूनच वेगळा रेणू घडवून घेतला होता, आणि त्याच्या विघटनातून निघणारे आम्लही शरीरास परिचित आहे. रासायनिक रूपांतर अनावश्यक ठरते, असा याचा अर्थ नाही. औषधवहनासारख्या कार्यात त्याचे स्थान आहेच. परंतु जिवाणूला जे साधता येत नाही ते आपण साधतो, हे त्यास दाखवून द्यावे लागेल.

निष्कर्ष
रूपांतराचे मूल्यमापन वर्णपटातील नव्या शिखरावर थांबता कामा नये. विघटनाचा वेग, विघटनजन्य पदार्थ, एंडोटॉक्सिन व पेशींवरील परिणाम यांची नोंद नसेल, तर शोधनिबंधाच्या अखेरीस येणारा 'वैद्यकीय उपयोग' हा शब्दप्रयोग केवळ अपेक्षा ठरतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना या सर्व चाचण्या एकट्याने करणे शक्य नसले, तरी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व वैद्यक या शाखांनी एकत्र येऊन त्या करता येतील. तोवर निष्कर्षाची भाषा पुराव्याइतकीच मर्यादित ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, कारण अशा पदार्थाची अंतिम परीक्षा रुग्णाच्या शरीरात होणार असते.