तास भरले, पण काम पाहिले कोणी?

क्रीडामानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात एकाग्रता, प्रेरणा, स्पर्धेपूर्वीची चिंता हे विषय शिकवले जातात. प्रश्नावल्या कशा भरून घ्यायच्या तेही शिकवतात. पण या विद्येची खरी परीक्षा मैदानावर होते.

समजा, असा एक विद्यार्थी इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्यात आला. कुस्तीच्या तालमी आणि यात्रेतले फड या भागाला नवे नाहीत. आठवीतला एक मुलगा त्याला विश्वासाने सांगतो, की उद्या वजन द्यायचे आहे म्हणून कालपासून पाणी प्यायलो नाही. वस्तादांना हे माहीत आहे, घरी माहीत नाही. आता गप्प बसावे, की कुणाला सांगावे? गप्प बसले तर मुलाच्या जिवाशी खेळ, परस्पर सांगितले तर विश्वास गेला. कोणत्या गोष्टी गुप्त ठेवता येणार नाहीत, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. ते सुचण्यासाठी विद्यार्थ्याच्या पाठीशी अनुभवी मार्गदर्शक लागतो.

अमेरिकेतील 'असोसिएशन फॉर अप्लाइड स्पोर्ट सायकॉलॉजी' ही संस्था प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तासांचे काम मागते. अट योग्य आहे. केवळ पदवीवर कोणी खेळाडूंच्या मनाला हात घालू नये. मात्र तासांनी वेळ मोजला जातो, कामाचा दर्जा नव्हे. आपण ही पद्धत उचलली, तर सर्वांत आधी आकडा उचलू, अशी भीती वाटते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. सरावपाठाच्या वहीवर सह्या पूर्ण असतात; पण मागच्या बाकावर बसून पाठ शेवटपर्यंत किती जणांनी पाहिलेला असतो?

देखरेख नसली की काय होते, हे या शास्त्राच्या आरंभीच दिसले. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना नेमले. ग्रिफिथ विद्वान होते, पण त्यांचे अहवाल मालकाकडे जात. संघाच्या व्यवस्थापकाने त्यांना विरोध केला आणि खेळाडूही दूरच राहिले. आपली वही कोणासाठी आहे, हा प्रश्न ग्रिफिथ यांना वेळीच विचारणारे वडीलधारे कोणी नव्हते. या क्षेत्रात त्यांच्या आधी फारसे कोणी उतरलेच नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र ही सबब नाही.

महाराष्ट्रात नाशिकचे भीष्मराज बाम यांनी पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर नेमबाज, क्रिकेटपटू अशा अनेकांना मनाची तयारी शिकवली. २०१७ मध्ये ते गेले. असा माणूस लाभणे हे भाग्य. पण भाग्यावर अभ्यासक्रम चालत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, चुकत, सुधारत नवी माणसे तयार व्हावी लागतात. तालमीत नेमके हेच घडते. डाव पुस्तकातून येत नाही. वस्ताद कडेला उभे राहून पाहतात आणि तिथल्या तिथे पाय कुठे चुकला ते दाखवतात. तालमीची ही रीत विद्यापीठाने जरूर उचलावी.

पुण्याहून बावड्याला मार्गदर्शक दर आठवड्याला येणार नाही, हे खरे. मग फोनवर ठरलेल्या वेळी चर्चा व्हावी. पालकांची व मुलाची संमती घेऊन केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे. आणि निदान काही वेळा त्याने स्वतः तालमीत येऊन बसावे. एवढेही जमत नसेल, तर विद्यार्थी पाठवू नये.

आपल्या शाळेच्या दारात असा विद्यार्थी आला, तर मुख्याध्यापकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी चार गोष्टी विचाराव्यात. तुमचे काम प्रत्यक्ष कोण पाहणार? मुलांनी सांगितलेले कोणाकडे जाणार? त्यावरून संघाची निवड होणार नाही ना? एखादे मूल गंभीर अडचणीत दिसले, तर त्याच दिवशी कोणाला कळवणार? उत्तरे मिळेपर्यंत हजेरीपत्रकावर सही करू नये. विद्यार्थ्याचे तास भरायला आपली मुले नाहीत.