डीपीच्या डोक्यावरची बाग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डीपी होती. जाळीचं कुंपण, गंजलेली पेटी, लाल रंगातली कवटी आणि दोन हाडं. क्रिकेटचा बॉल तिच्यात गेला की गेलाच. विजेची इमारत म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर तीच येते. त्यामुळे प्रोजेक्टसाठी लंडनला आलो आणि ड्यूक स्ट्रीटवरचं सबस्टेशन बघायला गेलो, तेव्हा त्याच्या समोर उभा राहून मी सबस्टेशन शोधत होतो.

दोन टोकांना घुमटाचे मंडप, मधे लांबच लांब दगडी कठडा, वर जायला पायऱ्या. राजवाडा बांधायला घेतला आणि तळमजल्यावरच पैसे संपले, असं काहीतरी. सी. स्टॅन्ली पीच या वास्तुकाराने सी. एच. रायली यांच्या साथीने १९०३ ते १९०५ दरम्यान ते बांधलं. (विम्बल्डनचं सेंटर कोर्टही पीच यांचंच.) पोर्टलंडचा दगड, बरोक शैली, आणि पोटात ट्रान्सफॉर्मर.

पहिल्यांदा मला राग आला. आत एक, बाहेर भलतंच! कोड रिव्ह्यूमध्ये असं काही आलं तर मी परत पाठवेन.

मग या जागेचा इतिहास वाचला. कमी व्होल्टेजची वीज लांब नेली तर तारांतच बरीच वाया जाते, म्हणून ट्रान्सफॉर्मर घरांच्या जवळ लागतो. मेफेअरसारख्या श्रीमंत वस्तीत जवळची मोकळी जागा कोणती? कामगारांच्या चाळवजा इमारतींमधली बाग. तीच गेली. जमीन ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरची. त्याने अट घातली की बदल्यात छपरावर इटालियन धाटणीची बाग करून द्यायची. म्हणजे तो कठडा, त्या पायऱ्या हा नुसता नटवेपणा नाही. ती नुकसानभरपाई आहे. आमच्या डीपीने तर गल्लीला कवटीशिवाय काहीच दिलं नव्हतं.

तरीही माझी तक्रार उरतेच. जिथे माती होती तिथे फरशी आली, आणि झाडं आली ती कुंड्यांत. फरशीवर पोरं पळू शकतात, पण खड्डा खणू शकत नाहीत. वास्तुकलेवर लिहिणारे घुमटांचं कौतुक करतात. मला ते घुमट जरा जास्तच वाटतात, घेतलेल्यापेक्षा दिलेलं मोठं दिसावं म्हणून चढवल्यासारखे.

आणि खरा धक्का पुढे आहे. १९८०च्या दशकात ही गच्ची लोकांसाठी बंद झाली, ती उघडली २००७ साली. मधली वीसेक वर्षं दगड जागच्या जागी, घुमट तसेच, खाली वीज वाहतेच आहे. रस्त्यावरून फोटो काढला असता तर काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. आज ही वास्तू ग्रेड टू वारसा यादीत आहे. यादी कठडा सांभाळते. पायऱ्या कोणी चढायच्या, हे तिच्या हातात नाही.

२०१३ साली नूतनीकरण झालं. आता एका टोकाला काचेचा कॅफे आहे, बाकं आहेत. भोवतीच्या लाल विटांच्या इमारतींत अजून लोक राहतात. परवा दुपारी डबा घेऊन वर गेलो. दोन मुलं कुंड्यांच्या मधून बॉल खेळत होती. बॉल कठड्यावरून खाली रस्त्यावर गेला. एकजण धडाधडा पायऱ्या उतरला आणि घेऊन आला.