मॅकडूगल स्ट्रीटवरचे दोन बर्गर

न्यूयॉर्कमध्ये उत्तम बर्गर कुठे मिळतो, हा प्रश्न चार जणांना विचारा. चार पत्ते मिळतील आणि प्रत्येक जण आपला पत्ता ठासून सांगेल. माझाही पत्ता ठरलेला आहे. पण त्याआधी बर्गरमध्ये पाहायचं काय, हे सांगायला हवं. वर अंडं घातलंय का, सॉस किती प्रकारचे, मनोरा किती उंच, ही सगळी वरवरची आरास. बर्गरचं भलंबुरं ठरतं ते मांस तापलेल्या लोखंडाला टेकलेलं असतं त्या मोजक्या मिनिटांत.

ती मिनिटं साधायची तर तयारी आधीपासून नीट असावी लागते. खिम्यात साधारण 20 टक्के चरबी हवी. त्याहून फार कमी झाली की घास कोरडा होतो. मीठ खिम्यात कालवायचं नाही, तव्यावर जाताना वरून भुरभुरायचं. आधी कालवलं तर मांसातली प्रथिनं मिठाने सुटून एकमेकांना चिकटतात आणि टिक्की सॉसेजसारखी घट्ट, रबरी होते. मग तवा चांगला कडकडीत तापलेला हवा. पृष्ठभागावरचं पाणी उडून गेलं की प्रथिनं आणि साखर यांच्यातली ती प्रक्रिया जोर धरते, जिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केलं. तांबूस-काळसर खरपूस कवच आणि भूक चाळवणारा वास, दोन्ही तिचीच देणगी.

हे समोर उभं राहून पाहायचं असेल तर मॅनहटनमध्ये मॅकडूगल आणि हाऊस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर जावं. तिथे जॉर्ज मोट्झ यांनी 2023 मध्ये ‘हॅम्बर्गर अमेरिका’ उघडलं. अमेरिकेतल्या जुन्या बर्गरवाल्यांवर याच नावाचा माहितीपट आणि पुस्तक करणारा हा माणूस. आयुष्यभराचा अभ्यास त्याने तव्यावर आणला. इथला ओनियन बर्गर माझा पहिल्या पसंतीचा.

खिम्याचा सैलसर गोळा तव्यावर पडतो. त्यावर मूठभर कांदा, इतका पातळ कापलेला की आरपार दिसावं. मग रुंद उलथण्याने सगळा भार देऊन तो गोळा चेपतात. कांदा मांसात रुततो आणि टिक्कीच्या कडा जाळीदार होऊन पसरतात. खालची बाजू खरपूस झाली की एका झटक्यात खरवडून उलटतात. आता कांदा खाली, मांस वर. त्यावर चीजचा काप, त्यावर पाव. मांसाच्या चरबीत कांदा तळला जातो आणि त्याची गोडसर वाफ पावात शिरते. खाताना कांदा दोन रूपांत भेटतो: मधला मऊ, मुरांब्यासारखा, कडेचा जवळजवळ करपलेला, किंचित कडवट. त्या कडवटपणामुळे चीजचा तेलकटपणा जिभेवर रेंगाळत नाही. लेट्यूस किंवा टोमॅटो मागावासाच वाटत नाही.

ही ओक्लाहोमाची रीत, 1920 च्या दशकातली. मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून थोड्या मांसात भरपूर कांदा दडपून टिक्की मोठी केली. परिस्थितीने शिकवलेली ही युक्ती आजही चवीत कुठे कमी पडत नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मॅकडूगल स्ट्रीटनेच उत्तरेला थोडं चालत गेलं की मिनेटा टॅव्हर्न लागतं. मूळ 1937 चं. कीथ मॅकनॅली यांनी 2009 मध्ये ते नव्याने सुरू केलं आणि ‘ब्लॅक लेबल’ बर्गर 26 डॉलरला ठेवला. तेव्हा ही किंमत ऐकून शहर चक्रावलं होतं. पॅट लाफ्रीडा या मांसविक्रेत्यांकडचं हे मांस, त्यातला काही भाग कित्येक आठवडे थंड, खेळत्या हवेत मुरवलेला. अशा मुरण्यात पाणी उडतं, तंतू सैल होतात आणि चव दाट होत जाते. टिक्की जाड, चीज नाही, फक्त मंद परतलेला कांदा. पहिल्या घासाला अक्रोडाचा, जुन्या चीजचा भास होतो. कवच कुरकुरीत आणि आत रस. मांसाचं इतकं सखोल दर्शन मला दुसऱ्या कुठल्याच बर्गरमध्ये घडलेलं नाही. तरी याला दुसरा क्रमांक देतो. पाव इथे केवळ मांस धरायला आहे. तो काढून घेतला तरी जेवण पूर्णच राहील. बर्गरमध्ये पावाचाही वाटा असावा, असं माझं ठाम मत आहे.

बाकी नावं थोडक्यात. थर्ड अॅव्हेन्यूवर 74व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं जे. जी. मेलन, 1972 पासूनचं: भिंतीवर कलिंगडांची चित्रं, साधा भाजलेला पाव, जाड टिक्की, सोबत बटाट्याचे गोल तळलेले काप. साधेपणात याचा हात धरणारं कोणी नाही. मॅडिसन स्क्वेअर पार्कमधलं शेक शॅक 2004 मध्ये एका टपरीवजा खोलीत सुरू झालं आणि आज जगभर पसरलं. त्यांच्या बटाट्याच्या मऊ पावाला पूर्ण गुण. ब्रुकलिनमधल्या पीटर लुगर या 1887 च्या स्टेकगृहात बर्गर फक्त दुपारच्या जेवणाला मिळतो, तेव्हा रात्रीचा बेत आखू नये.

हे सगळे गोमांसाचे बर्गर, आणि आपल्याकडच्या अनेकांना ते वर्ज्य. त्यांनी ईस्ट व्हिलेजमधल्या सुपिरिऑरिटी बर्गरला जावं. मिष्टान्नांत नाव कमावलेल्या ब्रुक्स हेडली यांनी 2015 मध्ये ते अगदी चिमुकल्या जागेत सुरू केलं; आता अॅव्हेन्यू ए वर ऐसपैस आहे. इथल्या टिक्कीत किनवा, काबुली चणे, गाजर, अक्रोड. मांसाची नक्कल करायचा जराही प्रयत्न नाही, म्हणूनच ती मला आवडते. तिलाही कडेला खरपूस कवच आहे, भाजलेल्या टोमॅटोचा आंबट-गोड रस आहे, आणि वितळलेलं मुन्स्टर चीज मऊ पावात असं मिसळतं की पाव वेगळा काढताच येत नाही.