‘करण्यात आले’ म्हणजे कोणी केले?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत एक नवा लेखकवर्ग दिसू लागला आहे. बँक, पाटबंधारे खाते, वीज मंडळ, जिल्हा परिषद अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली ही आपलीच माणसे. घरातली पहिली पदवी बहुधा त्यांचीच. आयुष्यभर त्यांनी टिपणी, अहवाल, इतिवृत्ते लिहिली. आता कथा लिहायची आहे, आत्मकथन लिहायचे आहे. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. तरीही हे लेखन वाचताना आम्ही जागोजाग अडखळतो, हे सांगितलेच पाहिजे.

काहींच्या लेखनात ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ सुटत नाहीत. काहींना याच भाषेची लाज वाटते. मग ते पानोपानी चांदणे शिंपडतात, अर्धवट आठवणारे शेर पेरतात. खरे सांगायचे तर हा दुसरा प्रकार आम्हाला जास्त नकली वाटतो.

दोष जड शब्दांचा नाही. दोष ‘करण्यात आले’ या क्रियापदात आहे. कोणी केले? कोणावर केले? फाईलवर कोणाचे नाव येऊ नये म्हणून ही रचना सोयीची असते. गोष्ट मात्र त्या नावापासूनच सुरू होते.

उर्दूतले मुश्ताक अहमद यूसुफी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असतील. १९२३ साली टोंक संस्थानात जन्मलेला हा माणूस १९५० मध्ये कराचीला गेला, बँकेत लागला आणि बँकिंगमधल्या सर्वोच्च पदांपर्यंत चढला. ‘चिराग़ तले’ १९६१ चे, ‘ज़रगुज़श्त’ १९७६ चे. सरगुज़श्त म्हणजे आपबीती. यूसुफींनी ‘सर’च्या जागी ‘ज़र’, म्हणजे सोने, पैसा, ठेवला आणि बँकेतल्या उमेदवारीची आपबीती लिहिली. ती केवळ विनोदी म्हणून वाचली जाते, ही आमची जुनी तक्रार. तिच्यात खातेवहीची शिस्त आहे, एक शब्द जास्तीचा खर्ची पडत नाही. पण प्रत्येक नोंदीमागे माणूस उभा आहे. गोरा साहेब अँडरसन आहे, हाताखालचे कारकून आहेत, आणि सगळ्यांत आधी हसे होते ते लेखकाचे स्वतःचे. बँकर यूसुफींनी भाषेसाठी बँक सोडली नाही. बँकेत माणसे आणली, एवढेच.

इटलीचे प्रीमो लेवी रसायनतज्ज्ञ होते. आउश्वित्झच्या छळछावणीतून परतल्यावर रंगाच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी आपले पहिले पुस्तक लिहिले. ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या लेखनाचा नमुना म्हणून त्यांनी पुढे कारखान्यातल्या साप्ताहिक अहवालाकडे बोट दाखवले होते. नेमका, थोडक्यात, साहेबापासून कामगारापर्यंत सर्वांना कळणारा. म्हणजे अहवाल हा शत्रू नव्हे.

हे सारे आठवायचे कारण एक हस्तलिखित. लेखक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणात बुडालेल्या आपल्या आजोळावर त्यांनी लिहिले आहे. पहिली वीस पाने नदीचे, आमराईचे, मावळतीचे वर्णन. सुंदर आहे आणि कुठल्याही गावाला चालेल असे आहे. मग अचानक एक ओळ येते : ‘गावाची मोजणी करण्यात आली. धार्मिक स्थळे २, दफनभूमी १.’ पुढे पुन्हा आमराई.

ते भेटायला आले तेव्हा चहा पिता पिता आम्ही त्या ओळीबद्दल सहज विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मग घरच्या बोलीत म्हणाले, “मेरी दादी उदरच सोई हय, पानी के नीचे.” आणखी थोड्या वेळाने कळले, की त्या मोजणीच्या वेळी खात्यात नवे लागलेले ओव्हरसिअर तेच होते.

वीस पानांच्या आमराईत हे कुठेही नाही. असलेच तर त्या ‘करण्यात आली’ मध्ये आहे, तेही दडलेले. दादी हस्तलिखितात शुद्ध मराठी बोलते. दखनी आमच्या चहापुरतीच आली. ती छापण्यासारखी नाही, असे त्यांना कोणी सांगितले होते, देव जाणे.

हस्तलिखित आम्ही परत पाठवले आहे. आमराई कमी करा, दादीला तिच्या बोलीत बोलू द्या, पण ‘दफनभूमी १’ ही नोंद जशीच्या तशी ठेवा, असे कळवले. सोबत विचारले आहे, की त्या दिवशी टेपचे दुसरे टोक कोणी धरले होते आणि दुपारी ते जेवले कोणाच्या घरी.