पिशवीतला साप काय शिकवतो?

नागपंचमीच्या सुमारास काही शाळांत सर्पमित्र साप घेऊन येतात. मुलांची भीती जावी, हा हेतू चांगलाच. पण मुले पाहतात काय? फणा काढलेला नाग. फणा हा डिवचलेल्या नागाचा इशारा असतो; आपण त्याला खेळ समजून टाळ्या वाजवतो. साप हातात धरायचा असतो, हा जिवावर बेतणारा धडाही मुले नकळत घेतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) विनापरवाना नाग पकडणे हा गुन्हा आहे. संवर्धन एकट्या सापाचे होत नाही. त्यात उंदीर, बिळे, शेताचा बांधही येतो. पिशवीतून यांतले काहीच वर्गात येत नाही. त्यापेक्षा बांधावरची बिळे दुरून दाखवावीत, मिळालेल्या कातीवरचे खवले भिंगातून पाहावेत. साप दिसणार नाही. पण त्याला जगायला काय लागते, ते कळेल.