नवल कोणाला वाटते?

‘विश्वास बसणार नाही, पण खरे आहे’ अशा थाटाच्या चौकटी वाचायला सर्वांनाच आवडतात. चार ओळींची हकीकत वाचायची, नवल करायचे आणि पान उलटायचे. हा वाङ्मयप्रकार निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. आपला बराचसा इतिहास आज याच चौकटींत कोंबला जातो आहे, म्हणून त्याची समीक्षा व्हायला हवी.

एकच नोंद घेऊ. ‘बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिलेला क्रिकेटपटू!’ नोंद खोटी नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळू पालवणकर यांना बाबासाहेबांसमोर उभे केले आणि बाळू सुमारे २,००० मतांनी मागे पडले. पण नोंद इथेच संपते. माणूस कुठून आला आणि त्याला उभे कोणी व का केले, हे प्रश्न उद्गारचिन्हाखाली गाडले जातात.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते मैदानावर काम करीत. पगार महिना ४ रुपये. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. अस्पृश्याने राबावे, खेळावे दुसऱ्याने, हा नियम गोऱ्यांच्या मैदानावरही चालला. पुढे हिंदू संघाला गोऱ्यांवर विजय हवा होता, म्हणून बाळू आत आले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळले गेले, तेव्हा भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध करून संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हे औदार्य नव्हते; लढून मिळवलेले होते.

आता ‘लगान’ (२००१) हा चित्रपट याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यातला अस्पृश्य फिरकीपटू ‘कचरा’ पाहून अनेकांना बाळू आठवतात. पण कचऱ्याचा चेंडू वळतो तो हाताच्या व्यंगामुळे. बाळूंची विद्या घामातून आली होती. कचऱ्याची ‘देणगी’ अपघाताने. शिवाय कचरा स्वतः जवळजवळ बोलतच नाही, त्याच्या वतीने नायक भाषण करतो आणि गाव क्षणात सुधारते. पालवणकर बंधूंचा निषेध गेला, उरली नायकाची दया. दलिताची गुणवत्ता नवलाची म्हणून चालते, कमावलेली म्हणून चालत नाही. चौकटीतल्या नोंदीचे आणि या भव्य चित्रपटाचे सौंदर्यशास्त्र एकच आहे.

पण दोष केवळ प्रस्थापितांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, म्हणजे दया पवारांच्या ‘बलुतं’च्या (१९७८) तीस वर्षे आधी. दलित आत्मकथनांच्या आपल्या चर्चेत त्याचे नाव किती वेळा येते? रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ते आधाराला घेतले, तेव्हा कुठे आपल्यापैकी अनेकांना हे घराणे कळले. मराठीतले आपले पुस्तक इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे आले!

याचे कारण उघड आहे. बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली, बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या घोषणेला विरोध केला आणि शेवटी त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. असा माणूस आपल्या मांडणीत बसत नाही. त्यांची राजकीय भूमिका मला मान्य नाही. ज्या समाजाने त्यांना मंडपाबाहेर चहा पाजला, त्याच्याच हृदयपरिवर्तनावर त्यांनी भरवसा ठेवला, आणि त्यांच्या कीर्तीचा वापर आमच्या स्वतंत्र राजकारणाविरुद्ध झाला. पण भूमिका अमान्य असणे वेगळे आणि माणूस पुसणे वेगळे. आपण ज्याला वगळतो तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या चौकटीत ‘गंमत’ म्हणून जाऊन बसतो.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की अशी नोंद समोर आली की नवल करून थांबू नका. हे कोणाला नवल वाटते आहे, असे विचारा. अस्पृश्याने श्रेष्ठ गोलंदाज होणे यात मला काहीच नवल वाटत नाही. त्याचा चेंडू हातात घेणाऱ्यांना त्याच्या हातचा पेला चालला नाही, याचे नवल करा; आणि मग ते नवल न राहू देता त्याचा हिशेब मांडा.