पाचांत न मावणारी जाणीव

‘ज्ञानेंद्रिये किती?’ असे विचारले की वर्गातून एका सुरात ‘पाच’ असे उत्तर येते आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. हे उत्तर किती अपुरे आहे, ते जोनाथन कोल या ब्रिटिश डॉक्टरांच्या ‘प्राइड अँड अ डेली मॅरेथॉन’ (१९९१) या पुस्तकाने आम्हाला पटवले.

पुस्तक इयान वॉटरमन याच्याविषयी आहे. १९७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, एका आजारात त्याची मानेखालची स्पर्शाची व अंगस्थितीची जाणीव गेली. स्नायूंना आज्ञा नेणाऱ्या चेता शाबूत होत्या. वेदना आणि ऊन-गार कळत होते. तरीही त्याला उठून बसता येईना. आपला हात कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय समजेना. पुढे नजरेच्या आधाराने, प्रत्येक हालचाल मनात ठरवून, तो चालायला शिकला. पण दिवे गेले की तोल जाई.

कोल इयानकडे केवळ ‘केस’ म्हणून पाहत नाहीत, हे आम्हाला विशेष भावले. मात्र एक धोका दिसतो. वाचकाच्या मनात जिद्दच ठसते आणि जिद्दीने गेलेली जाणीव परत आली, असा समज होऊ शकतो. ती आली नाही. तिचे काम डोळे आणि अखंड लक्ष करू लागले. म्हणून तर साधे चालणे ही रोजची मॅरेथॉन!

शिक्षकांनी इथे थोडी भर घालावी. स्नायूंत चातीच्या आकाराचे सूक्ष्म ग्राही असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, ते मेंदूला कळवतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेतले ग्राही ओढीचा जोर सांगतात. ताण पडताच उघडणारे ‘पिझो-२’ हे प्रथिन यात कळीचे आहे. ते २०१० साली उजेडात आले, म्हणून पुस्तकात नाही. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले.

वर्गात एवढे करून पाहा. मुलाला डोळे मिटायला सांगून त्याचा एक हात हळूच वाकवा. दुसरा त्याने तसाच वाकवायचा. मग विचारा, ‘हे कोणत्या इंद्रियाने कळले?’ त्यानंतरच्या शांततेतून धडा सुरू करता येईल.